उकळता रस्सा आणि पातळ पिशवी

संपादक साहेब,
कोल्हापुरात पार्सल म्हटलं की उकळता तांबडा-पांढरा रस्सा पातळ पिशवीत ओतायचा, वर रबर गुंडाळायचं, झालं! २०१८ ला प्लास्टिकबंदी झाली म्हणे. पिशवी कसल्या प्लास्टिकची हे कोण बघतंय? काही प्लास्टिकमध्ये असणारी थॅलेट, बिस्फेनॉल असली केमिकल्स हार्मोन्समध्ये लुडबूड करतात, गरम तेलकट पदार्थात जास्त उतरतात. पोरीच्या अंडाशयातली बीजं आईच्या पोटातच तयार होतात, जन्मावेळी १० ते २० लाख, नंतर कमीच होत जातात, म्हणजे गरोदर बाईच्या ताटातलं पोटातल्या लेकीच्या बीजांपर्यंत पोचू शकतं, आणि मूल होईना की आपण बोल लावतो सुनेला. हॉटेलवाल्यांनी घरचा स्टीलचा डबा आणणाऱ्याला पाच रुपये कमी लावावेत, गिऱ्हाईक आपोआप डबा घेऊन येतंय बघा.
- एक वाचक, कोल्हापूर