एम १५ मधला दुसरा स्रोत

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, क्ष-किरणांत एकदा सापडलेली वस्तू पुन्हा साध्या प्रकाशात कशासाठी शोधायची, हा तुमचा प्रश्न फोनवर घाईत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

न्यूट्रॉन तारा (मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा अतिघन गाभा) किंवा कृष्णविवर जेव्हा सोबतच्या ताऱ्यातला वायू ओढून घेते, तेव्हा तो वायू चकतीसारखा फिरत प्रचंड तापतो आणि क्ष-किरण बाहेर पडतात. गोलाकार तारकागुच्छांत, म्हणजे लाखो ताऱ्यांच्या दाट गोळ्यांत, अशा जोड्या, तिथल्या ताऱ्यांच्या संख्येच्या मानाने, फारच जास्त आढळतात, कारण त्या दाटीत तारे एकमेकांच्या इतके जवळून जातात की नव्या जोड्या जमतात. मात्र सोबती कोणत्या जातीचा आहे हे क्ष-किरणांवरून सहसा कळत नाही. आपल्या चंद्रशेखरांचे नाव लाभलेली चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण स्रोताची जागा अर्ध्या विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आसपास सांगते, पण गुच्छाच्या गाभ्यात तेवढ्याच जागेत हबल दुर्बिणीला अनेक तारे दिसतात. त्यांतला जो अतिनील प्रकाशात अवाजवी तेजस्वी असेल आणि ज्याचे तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होत असेल, त्याच्यावर संशय घ्यायचा. नुसता निळेपणा मी पुरावा मानत नाही. आवर्तन, म्हणजे तेजाच्या चढउताराचा ठरावीक काळ, मिळेपर्यंत थांबलेच पाहिजे.

एम १५ या गोलाकार गुच्छाचीच गोष्ट पाहा. तिथल्या क्ष-किरण स्रोताच्या जागी १९८४ मध्ये एसी २११ हा निळा तारा ओळखला गेला. त्याचे आवर्तन १७.१ तासांचे. पुढे १९८८ साली त्याच गुच्छातून क्ष-किरणांचा स्फोट नोंदला गेला. असे स्फोट न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठभागावर होतात, आणि एसी २११ ची चकती आपल्याला कडेने दिसत असल्यामुळे तिथला मध्यभाग तर झाकलेला! मग स्फोट दिसला कसा? हा मेळ कित्येक वर्षे बसत नव्हता. २००१ मध्ये चंद्राच्या प्रतिमेत एकाच्या जागी दोन स्रोत निघाले, तेही तीन विकलांहून कमी अंतरावर. दुसऱ्याचा तारा हबलच्या अतिनील प्रतिमांत सापडला आणि त्याची फेरी अवघ्या २२.६ मिनिटांची निघाली. एवढ्या लहान कक्षेत सूर्यासारखा तारा मावूच शकत नाही, तेव्हा सोबती श्वेत बटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा लहानसा दाट गाभा, असला पाहिजे. तारा ओळखल्याशिवाय हे कळलेच नसते; म्हणून या कामाला लागणारा वेळ मला जड वाटत नाही.

आई, हा गुच्छ भाद्रपदा नक्षत्रांच्या चौकोनापासून पश्चिमेला आहे आणि ऑक्टोबरच्या मध्यास रात्री आठच्या सुमारास नागपुरात जवळजवळ डोक्यावर येतो. शहराच्या उजेडात तो शोधणे अवघड आहे, तेव्हा रामटेकला मावशीकडे जाल तेव्हा बाबांची दुर्बीण बरोबर ठेवा. तिच्यातून तो धुरकट ठिपक्यासारखा दिसेल.

तुमची,
लेक