स्तुतीच्या आधी तक्रार

चि. सोनू,
सप्रेम सलाम.

बाळ मान धरायला लागलं हे ऐकून बरं वाटलं. त्याच फोनमध्ये तू हळूच म्हणालीस की प्रार्थनेला बसलं की मागच्या वर्षी पोटातच गेलेलं बाळ आठवतं, आणि मग विचारलंस, लिहून बघू का? जरूर बघ. फक्त ‘मन मोकळं कर’ एवढ्या सल्ल्यावर काही होत नाही, म्हणून कसं लिहायचं ते सविस्तर सांगते.

साधी शंभर पानी वही घे. चांगली डायरी नको, तिच्यात माणूस चांगल्या अक्षरात चांगलं चांगलंच लिहितो. फोनवरही नको. मध्येच मेसेज येतात, आणि घरातल्या फोनचं कुलूप सगळ्यांना माहीत असतं. वही कुठे ठेवायची ते लिहायच्या आधी ठरव, कारण कोणीतरी वाचेल असं मनात असलं की हात आपोआप गोडगोड लिहू लागतो. जावयांना स्पष्ट सांग की ही वही माझी आहे, विचारल्याशिवाय उघडायची नाही.

सकाळचं दूध पाजून बाळ झोपलं की पंधरा ते वीस मिनिटं, सलग चार दिवस, एकाच विषयावर. हा आकडा माझा नाही. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना रोज पंधरा मिनिटं, चार दिवस लिहायला लावलं होतं. ज्यांनी घडलेली गोष्ट आणि तेव्हाच्या भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. त्यानंतर असे पुष्कळ प्रयोग झाले. सरासरीने फायदा दिसतो, पण तो लहान असतो आणि सगळ्यांना होत नाही. चार दिवसांत चमत्काराची वाट बघू नकोस.

पहिल्या दिवशी फक्त काय घडलं ते क्रमाने लिही: सोनोग्राफी, डॉक्टर नेमकं काय बोलल्या, खोलीत कोण होतं, घरी आल्यावर पहिलं वाक्य कोण बोललं. दुसऱ्या दिवशी काय वाटलं ते, रागासकट. माणसांवरचाही आणि देवावरचाही. तिसऱ्या दिवशी त्या गोष्टीने आत्ताच्या कशाकशाला हात लावलाय ते बघ: संसार, उपासनेला जाणं, हे बाळ जवळ घेणं. चौथ्या दिवशी ‘मी’ सोडून ‘ती’ लिही. ‘ती त्या दिवशी घरी आली आणि...’ असं. थोडं लांबून दिसतं. शुद्धलेखन बघायचं नाही, खोडायचं नाही, थांबलीस तर शेवटचं वाक्यच पुन्हा लिहायचं. बाळ उठलं तर अर्ध्या वाक्यात ऊठ. उलट अर्ध्या वाक्यापासून पुन्हा सुरू करणं सोपं जातं.

लिहून झाल्यावर तास दोन तास मन जास्तच जड होतं. हे अपेक्षित आहे, काही बिघडलंय असं समजू नकोस. म्हणूनच झोपायच्या आधी लिहायचं नाही, आणि वही मिटल्यावर दहा मिनिटं हाताचं काही काम करायचं. दुपटी घडी घाल, भाजी निवड. एखाद्या गोष्टीला हात लावला की श्वास अडकतोय असं वाटलं, तर ती त्या दिवशी सोड आणि दुसरं लिही.

आता आपल्या ख्रिस्ती लोकांची खास अडचण. आपण तक्रारीचं एक वाक्य लिहितो आणि लगेच खाली ‘तरी प्रभू चांगला आहे’ जोडतो. ते खरं असेलही, पण दुसऱ्याच ओळीत आलं की ते झाकण होतं. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, असं घाईचं नाही. तेरावं स्तोत्र काढ. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो, मधल्या दोनांत मागणी, आणि भरवसा शेवटच्या दोनांत. हाच साचा घे: एक पान तक्रार, अर्धं पान मागणी, आणि तिसरा भाग आला तरच लिही. नाही आला तर जागा कोरी सोड. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळ नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

भाषा घरची ठेव. ‘हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे आभारी आहोत’ ही मंडळीपुढे उभं राहून करायच्या प्रार्थनेची मराठी आहे, तिच्यात रडता येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तुझ्या कपाटात आहेत. १९३४ मध्ये पहिला भाग आला, आणि त्या बाईने मुलांची मरणं आणि नवऱ्याशी झालेली भांडणं अगदी बोलल्यासारखी लिहिली. कुठे उपदेश नाही, आणि रडवता रडवता हसवते. तिच्यासारखं लिहायचं नाहीये तुला, पण एवढी मोकळीक घे.

लिहायचं बरंच असेल आणि कुठून सुरू करावं कळत नसेल, तर पवित्र शास्त्रातल्या विलापगीत या पुस्तकाची रीत वापर. त्यातले पहिले चार अध्याय इब्री, म्हणजे हिब्रू, मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेत. अक्षरं बावीस, म्हणून पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात बावीस बावीस वचनं, तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन धरून सहासष्ट. यरुशलेम जळाल्यावरचा आकांत, आणि तो अक्षरांच्या चौकटीत बसवलाय! मला याचं फार नवल वाटतं, पण उपयोगही कळतो: अक्षरं संपली की त्या दिवसाचं रडणं संपतं. तू आपली मुळाक्षरं घे. ङ, ञ, ण, ळ सोड, त्यांनी शब्दच सुरू होत नाहीत. रोज पाच अक्षरं, एका अक्षराला एक वाक्य. ‘क’ला ‘कोणी विचारलं नाही’, ‘ख’ला ‘खोली रिकामीच ठेवली’, असं. जमत नसलेल्या अक्षरापाशी अडू नकोस. आणि आशेची प्रसिद्ध वचनं तिसऱ्या अध्यायाच्या मध्यावर आहेत, पुस्तकाचा शेवट त्यांच्यावर नाही, हेही बघून ठेव.

दोन गोष्टींनी हे काम बिघडतं. पहिली, तेच ते उगाळणं. तिसऱ्या दिवशीही पहिल्या दिवसाचीच वाक्यं येत असतील, ‘कारण’, ‘तेव्हा मला कळलं’, ‘आता वाटतं’ असं काहीच उतरत नसेल, तर लिहिणं थांबव आणि कोणाशी तरी बोल. नुसतं लिहीत राहिल्याने ती जखम खपली धरत नाही. दुसरी, क्षमेची घाई. ‘देवाला तुझ्यापेक्षा ते बाळ जास्त हवं होतं’ असं बोलणाऱ्या बाईला क्षमा करायची असेल, तर आधी ती काय बोलली आणि त्याने काय झालं ते पूर्ण लिही. कशाची क्षमा करतोय ते कागदावर नसेल तर नुसतंच ‘मी क्षमा केली’ लिहिलं जातं आणि पुढच्या रविवारी तिला बघून पोटात गोळा येतो. तिला लिहिलेलं पत्र महिनाभर पाठवू नकोस. बहुतेक पत्रं पाठवायची नसतातच.

गेलेल्या बाळालाही एक पत्र लिही, चार दिवस झाल्यावर, वेगळ्या पानावर. आपल्याकडे इतक्या लवकर गेलेल्या जिवाचं नाव ठेवत नाहीत, बहुधा दफनविधीही होत नाही, त्यामुळे त्या दुःखाला तारीखच नसते. तू नाव ठेव, तारीख घाल, त्याच्यासाठी काय काय ठरवलं होतंस ते लिही. हे पान फाडू नकोस. बाकीची वही वाटलं तर फाडून टाक, जाळ. ते पान मात्र पवित्र शास्त्रात ठेव. पहिल्या शमुवेलाचा पहिला अध्याय चांगला. मूल होत नव्हतं म्हणून हन्ना मंदिरात ओठ हलवत रडली, एली याजकाला वाटलं ही प्यायलीय, आणि तिने त्याला तोंडावर सांगितलं की मी मन मोकळं करतेय. मग ती जेवली आणि तिचा चेहरा बदलला, मूल व्हायच्या कितीतरी आधी.

हे सगळं एकटीने. दुसरी वही दोघींची. मला वाटतं खरी ऊब तिथूनच मिळते. डाव्या पानावर तू लिही, उजवं कोरं सोड, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्पीड पोस्टने पाठव. मी उजव्या पानावर लिहीन. नियम तीनच: न विचारता सल्ला नाही, वचन फेकून गप्प करायचं नाही, आणि वहीतलं वहीबाहेर नाही. हा तिसरा फार महत्त्वाचा. भगिनी मंडळात एकीचं दुःख ‘प्रार्थना विनंती’ म्हणून फिरतं आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या कंपाउंडला कळतं. पुढे तुझ्या मंडळीतली कोणी विश्वासू बाई मिळाली तर तिलाही घे, पण चारापेक्षा जास्त नकोत, नाहीतर प्रत्येकजण दुसरीसाठी लिहू लागते.

एक मात्र वहीच्या पलीकडचं. बाळंतपणानंतरचं रडू सहसा दोन आठवड्यांत ओसरतं. तुझं बाळ मान धरतंय, म्हणजे ती मुदत केव्हाच गेली. बाळ झोपलं तरी तुला झोप येत नसेल, भूक मेली असेल, बाळाकडे बघून काही वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली असते, ती भरून घे. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करायच्या विचाराचा आहे, त्याचं उत्तर खरं दे. तसा विचार एकदा जरी आला असेल तर वही, वेळ, काही बघू नकोस. नवऱ्याला उठव, मला फोन कर, नाहीतर १४४१६ लाव. सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. औषध घ्यावं लागलं तर विश्वास कमी पडला असं कोणाकडून ऐकून घेऊ नकोस. अंगावर पाजतेस हे डॉक्टरांना सांग, म्हणजे त्या हिशेबाने औषध देतील.

या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घे, आणि कोणत्या दिवसाची मिळाली ते मला कळव. त्या दिवशी बाळाला सांभाळायला मी येते.

तुझी आई