कागद कुठे आहे, तेवढे छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इतिहास लिहिण्याचा अधिकार कोणाचा, यावर आपल्या वाचकपत्रांत बरेच दिवस जुंपली आहे. एका बाजूला प्राध्यापक मंडळी. पद्धतशास्त्र शिकल्याशिवाय कोणी स्वतःला संशोधक म्हणवून घेऊ नये, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला गडकिल्ले पालथे घालणारे तरुण. खोलीत बसून इतिहास कळत नाही, असे ते म्हणतात. मी दोन्हीकडचा नाही. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो आणि सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातच झाली. मोडी शिकलो ती गरजेपोटी. मोजणीला गेले की लोक आजोबा-पणजोबांचे कागद पुढे करायचे आणि त्यात काय लिहिले आहे हे त्यांनाही ठाऊक नसायचे, मलाही.

एवढ्या भांडवलावर सांगतो की आपल्याकडे इतिहासाचा अभ्यास एका ठरलेल्या रीतीने कधी झालेलाच नाही. ज्याचा जसा स्वभाव तशी त्याची रीत, आणि तसेच त्याला सापडले. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांना एका जागी बसवत नसे. हाताने रांधून खात गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे उतरवून घेतली, आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने जुन्या कागदांचा पहिला खंड काढला. त्यातले पानिपतचे कागद आमच्या वाईला मिळालेले. पुढे असे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, पण त्या मंडळाशीही त्यांचे फार काळ जमले नाही. वासुदेवशास्त्री खरे अगदी उलट. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवायचे आणि पटवर्धन सरदारांचे दप्तर घेऊन आयुष्यभर एका जागी बसले. राजवाड्यांना मिरजेत बसवले असते किंवा शास्त्रीबुवांना रानोमाळ हिंडायला लावले असते, तर दोघांच्याही हातून काही झाले नसते असे मला वाटते. द. ब. पारसनीस आणखी तिसरेच. मोठ्या लोकांत त्यांची ऊठबस, कागदांबरोबर चित्रे जमवण्याची हौस. वाईहून चालत जाता येईल अशा मेणवलीतले नाना फडणिसांचे दप्तर त्यांनीच हस्तगत केले. रियासतकार गो. स. सरदेसाई बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या पदरी होते, राजपुत्रांना शिकवता शिकवता लिहिते झाले. निवृत्तीनंतर पेशवे दप्तरातून त्यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड निवडून काढले. वा. सी. बेंद्र्यांनी सरकारी नोकरी सांभाळून संभाजीराजांवरचे कागद जमवले, त्यांचा ग्रंथ १९६० साली आला. (सरकारी नोकरीत राहून असे काही करणे काय असते, हे ज्याने केले आहे त्यालाच विचारावे.)

यांतले पद्धतशास्त्राच्या वर्गात कोण बसले होते? आणि उलट बाजूच्या मित्रांना विचारतो, शास्त्रीबुवा किती किल्ले चढले होते?

दा. ध. कोसंबींबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण माझा जीव त्यांच्यात अडकलेला आहे. धंद्याने गणिती. पण पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर दगडी हत्यारांच्या कपच्या वेचत हिंडायचे. धनगरांच्या वाटा कुठून कुठे जातात, त्या वाटांवर कोणत्या देवी बसल्या आहेत, म्हसोबाचा दगड कुठल्या शिवेवर आहे, हे पायी फिरून पाहायचे. त्यांचे निष्कर्ष सगळेच मला पटतात असे नाही. पण जमिनीकडे बघायची ती नजर मला मोजणी करताना फार उपयोगी पडली.

त्याचे एक उदाहरण देतो. गावाचे नाव देत नाही, कारण जमिनीचा वाद कोर्टात आहे. तिथल्या एका घराण्याकडे देवस्थान इनामाचा महजर, म्हणजे गावसभेपुढे झालेला जुना निवाडपत्रासारखा कागद, आहे. कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम त्याची प्रत घेऊन माझ्याकडे आल्या. मोडी त्यांची माझ्याहून सरस, कितीही लपेटीचे अक्षर असले तरी अडखळत नाहीत. महजरात चतुःसीमा दिलेली होती : पूर्वेस ओढा, दक्षिणेस खिंडीची वाट, पश्चिमेस पाटलाचा मळा, उत्तरेस डोंगर. बाकी तिन्ही बाजू जुळत होत्या, खिंडीची वाट मात्र कोणाला सांगता येईना. गावातले लोक डांबरी रस्त्याकडे बोट दाखवायचे, आणि तो तर ओढ्याच्या पलीकडून जातो.

मी जुनी टिपणे, म्हणजे मोजणीच्या वेळी केलेल्या शेतांच्या नोंदी, पाहायचे ठरवले. इंदापूर तालुक्यात १८३६ साली सुरू झालेली मोजणीची पद्धत पुढे आमच्याकडेही आली. ३३ फुटी साखळी, तिचे १६ आणे, आणि साखळीभर लांब व साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा. त्या मोजणीदाराला इतिहास लिहायचा नव्हता, सारा ठरवण्यासाठी क्षेत्र काढायचे होते. म्हणूनच त्याच्यावर माझा भरवसा जास्त. कोणाच्या पूर्वजाचा पराक्रम वाढवण्यात त्याला काही रस नव्हता. तर टिपणात त्या सर्व्हे नंबराच्या दक्षिणेला एक पाणंद दाखवलेली होती आणि शेजारच्या नंबरात ती बांधात विरून गेली होती. जागेवर गेलो तर घाणेरीची दाट जाळी. तिथे मेंढरे घेऊन आलेल्या एका आजीबाईंना आम्ही काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "खिंडीची वाट बघताय व्हय? माझ्या सासूच्या वक्ताला हितनं बैलं जायची." मोडी वाचणारी बाई, टिपण वाचणारा मी आणि अक्षरओळख नसलेल्या आजी, तिघांपैकी एक जण नसता तर ती सीमा लागली नसती.

पुढे मात्र मॅडमचे आणि माझे वाजले. आजींनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. त्या घराण्यातल्या एका माणसाला वाघाने मारले, म्हणून ही जमीन मिळाली. महजरात वाघाचे नाव नाही, देवापुढच्या नंदादीपाच्या तेलासाठी जमीन दिल्याचे स्वच्छ लिहिले आहे. मॅडमनी आपल्या लेखातून वाघ काढून टाकला. इनामाचे कारण म्हणून वाघ घालू नये, हे मलाही मान्य. पण त्याच रानाच्या वरच्या अंगाला वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. लोकांनी ती हकीकत पिढ्यान् पिढ्या का सांभाळली, हाही एक प्रश्नच आहे, आणि त्याचे उत्तर दप्तरातल्या कुठल्याही रुमालात (कागदांच्या गाठोड्यात) मिळणार नाही. निदान तळटीपेत तरी वाघ राहू द्या, असे माझे म्हणणे होते. ते अजून त्यांना पटलेले नाही.

आता दुसऱ्या बाजूबद्दल. मोबाईलवर मध्यंतरी एक मोडी पत्र फिरत होते. खाली मजकूर असा की हे १७४८ सालचे, म्हणजे शाहू महाराजांच्या हयातीतले. फोटोत पत्राचा वरचा भाग तेवढा होता, पण त्यातला सन वाचता येत होता : इहिदे सितैन मया व अलफ. म्हणजे ११६१. कोणीतरी तो हिजरी सन धरला आणि १७४८ काढले. असा अरबी शब्दांत लिहिलेला सन शुहूर असतो. तो मृगापासून सुरू होतो, पाऊस आणि पेरणी धरून चालतो. त्यात ५९९ मिळवावे लागतात, आणि जानेवारीपासून मृगापर्यंतचा महिना असेल तर ६००. म्हणजे पत्र १७६०-६१ चे, पानिपतच्या वर्षातले! शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात वारले. पत्र खोटे होते असे मी म्हणत नाही, कदाचित फार मोलाचे असेल. पण उरलेला भाग कुठे आहे, पत्र कोणाच्या घरी आहे, कोणी वाचले, हे विचारल्यावर ज्याने ते टाकले होते त्याने मलाच गटातून काढून टाकले.

माझे सगळे म्हणणे इथे येऊन ठेपते. तुम्ही शिकलेले असा नाहीतर हौशी, गड चढून इतिहास शोधा नाहीतर दप्तरात बसून, मला फरक पडत नाही. मूळ कागद पुरा समोर ठेवा. जेधे शकावली, म्हणजे शिवकाळातल्या घटनांची तिथीवार जंत्री, कारीच्या जेधे देशमुखांकडे होती. लोकमान्यांनी ती मिळवली आणि १९१६ साली छापून लोकांपुढे ठेवली. शिवजन्माची शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी त्यात होती. त्यावर किती भांडणे झाली! पण ज्याला खोडून काढायची होती त्याच्याही हातात तोच मजकूर होता. पुढे तंजावरला मिळालेल्या 'शिवभारत' या शिवाजी महाराजांवरच्या संस्कृत काव्यात तीच तिथी निघाली आणि अखेर शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख धरली. राजवाड्यांची अनुमाने आज कित्येकांना मान्य नाहीत, पण ती खोडायला माणसे राजवाड्यांनीच छापलेली पत्रे उघडतात.

म्हणून संपादक महाशय, विनंती आपल्याला आहे. "दुर्मीळ पत्र सापडले", "इतिहासाला कलाटणी देणारा पुरावा" अशा बातम्या आपल्याकडेही येतात. त्या जरूर छापा. सोबत चार ओळींची चौकट द्या : मूळ कागद कोणाकडे आहे, कोणी वाचला, त्यावर तारीख मुळात कशी लिहिली आहे, आणि पूर्ण मजकूर कुठे वाचायला मिळेल. मालकाला नाव नको असेल तर तसे लिहा. तो पूर्ण मजकूर द्यायला तयार नसेल तर तेही लिहा, वाचकांना काय समजायचे ते समजेल. जागा कमी पडत असेल तर शीर्षकाचा टाईप एक घर लहान करावा.

वर सांगितलेल्या महजराचा पूर्ण मजकूर मॅडमच्या लेखाबरोबर छापून येणार आहे, तसे त्यांनी कबूल केले आहे. टिपणाची नक्कल कोणालाही तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून, फी भरून घेता येते. कोर्टाचा निकाल लागला की सर्व्हे नंबर मी आपल्याकडे कळवीन.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, वाई