टवका उडाला म्हणून बेसिन टाकू नका

महोदय,

गणपतीआधी घरोघरी डागडुजी निघाली की आमच्या वेंगुर्ल्यात रस्त्याकडेला टवका उडालेली बेसिनं आणि कडा गंजलेल्या वॉशिंग मशीन येऊन पडतात. पाहून जीव हळहळतो. दुकानात विचारलं की उत्तर एकच, 'नवीनच घ्या.'

चिनी मातीचं बेसिन गंजत नाही. फ्रिजच्या पत्र्याचं तसं नाही. खाऱ्या वाऱ्यात ओरखडा उघडा राहिला की गंज रंगाखाली सरकतो, फोड येतात. पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावं, मीठ गोड्या पाण्याने धुवावं, पूर्ण वाळल्यावर स्पिरिटने पुसून प्रायमर आणि वर टच-अप रंगाचे पातळ हात द्यावेत. जाड हात ओघळतो. बेसिनच्या टवक्यात दोन नळ्यांचं इपॉक्सी (दोन्ही भाग मिसळून लावायचा, वाळल्यावर कडक होणारा गोंद) भरावं आणि निदान २४ तास पाणी लागू देऊ नये. पावसाळ्यात चांगली उघडीप बघूनच हे काम काढावं. ओव्हनच्या आत किंवा स्वयंपाकाच्या भांड्यांना मात्र हे मुळीच लावू नये.

हार्डवेअरवाल्यांनी पांढऱ्या टच-अप रंगाच्या लहान बाटल्या ठेवाव्यात, आणि आयटीआयमध्ये मुलांना ही दुरुस्ती शिकवावी, ही कळकळीची विनंती.

– एक गृहिणी, वेंगुर्ले