मिसळीची कुपने आणि महिन्याच्या गोळ्या

संपादक महोदय,

आमच्या भागातल्या धर्मादाय दवाखान्याने गेल्या रविवारी निधीसाठी मिसळ-पोह्यांचा नाश्ता ठेवला होता. कुपने हातोहात खपली, साडेनऊलाच तर्री संपली आणि उशिरा आलेल्यांनी नुसत्या पोह्यांवर भागवूनही पैसे पूर्ण दिले. उपक्रम छानच. (पोह्यांत शेंगदाणे हात राखून होते, पण तेही निधीच्या हिताचेच म्हणायचे!)

प्रश्न आहे तो जमलेल्या पैशांचा. देणगीदारांना यंत्र द्यायला आवडते, कारण त्यावर नावाची पाटी लागते. पण औषधांच्या खिडकीशी जरा वेळ उभे राहून पाहावे. चिठ्ठी महिनाभराची असते आणि धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या बाई म्हणतात, ‘सध्या पाचच गोळ्या द्या.’ कंपाउंडर मुकाट्याने कात्रीने पट्टी कापतो. रक्तदाबाचे, मधुमेहाचे औषध असे तुटक घेऊन चालत नाही. तेव्हा निधी आधी या गोळ्यांवर खर्च व्हावा आणि हिशेब दवाखान्यातल्या फळ्यावर लागावा.

आणखी एक. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली ही योजना मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आली की कामाची, पण गरजूंपैकी कितीतरी जणांना ती ठाऊकच नसते. पुढच्या नाश्त्याला कुपनाच्या मागच्या बाजूला एवढे तरी छापावे.

– एक वाचक, पुणे