रीस्टार्टचा वेळ कुठून कुठपर्यंत मोजला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या संगणकांच्या परीक्षणांत ‘हे यंत्र इतक्या सेकंदांत सुरू होते’ असे एखादे वाक्य हमखास असते आणि त्या आकड्यावरून वाचक आपल्या जुन्या संगणकाला नावे ठेवू लागतात. मात्र तो वेळ नेमका कुठून कुठपर्यंत मोजला, हे परीक्षणात क्वचितच सांगितलेले असते. ही माहिती नसेल, तर दोन संगणकांची तुलना करण्यात काहीच अर्थ उरत नाही, हे निदर्शनास आणून देण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पहिला घोळ ‘शट डाउन’ आणि ‘रीस्टार्ट’ या दोन पर्यायांचा आहे. शट डाउन करून पुन्हा बटण दाबणे आणि रीस्टार्ट करणे म्हणजे एकच, असा बहुतेकांचा समज असतो. परंतु २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून तसे राहिलेले नाही. त्या आवृत्तीत ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती चालू असताना शट डाउन केल्यास आपले लॉगिन आणि उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) व ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्रॅम) यांची मेमरीतील स्थिती डिस्कवरच्या एका फाइलमध्ये उतरवून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी ती तशीच वाचून घेतली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे खरोखर बंद होते व पहिल्यापासून उभे राहते. पडताळा घ्यायचा असेल, तर ही सोय चालू असलेला संगणक रात्री शट डाउन करून सकाळी सुरू करावा आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या आलेखाखालचा ‘अप टाइम’ पाहावा. तिथे रात्रीच्या आधीचे तासही मोजलेले दिसतात. तेव्हा एका यंत्राचा शट डाउननंतरचा आकडा आणि दुसऱ्याचा रीस्टार्टचा आकडा शेजारी मांडणे ही तुलनाच नव्हे. अडकलेला ड्रायव्हर ताळ्यावर आणायचा असेल तर शट डाउन नव्हे, रीस्टार्टच करायला सांगतात, त्याचे कारणही हेच.

रीस्टार्टच्या वेळात निरनिराळे टप्पे असतात: चालू प्रोग्रॅम व सेवा बंद होणे, फर्मवेअरची (मदरबोर्डवर कायम असलेल्या, सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमची) तपासणी, ऑपरेटिंग सिस्टीम उभी राहणे आणि लॉगिननंतर यंत्र निवांत होणे. यांतला बंद होण्याचा टप्पा परीक्षणांत जवळजवळ कधीच मोजला जात नाही, आणि प्रत्यक्षात पुष्कळ वेळ तिथेच जातो. विंडोजमध्ये जतन न केलेला एखादा दस्तऐवज उघडा राहिला, की निळ्या पडद्यावर त्या प्रोग्रॅमचे नाव दाखवून यंत्र आपल्या उत्तराची वाट पाहत बसते. लिनक्समध्ये एखादी सेवा बंद होईना, तर सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारा व्यवस्थापक प्रोग्रॅम) तिला मूळ रचनेनुसार ९० सेकंदांची मुदत देते. पडद्यावर सेकंद पुढे सरकताना दिसतात, पण काम काहीच होत नसते. अशा वेळी महागडी डिस्क बसवून उपयोग नाही, ती हटवादी सेवा शोधून काढावी लागते.

फर्मवेअरच्या टप्प्यातला वेळ वाचवण्याची धडपड तर पीसीइतकीच जुनी आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीत कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबले, की मेमरीत ठरलेल्या जागी १२३४ हा षोडशमान (सोळा अंकांच्या पद्धतीतला) आकडा खुणेसाठी लिहिला जाई आणि तो दिसला, की मेमरीची लांबलचक चाचणी टाळली जाई. आज उलट डीडीआर५ या नव्या पिढीच्या मेमरीच्या काही मदरबोर्डांवर मेमरीची जुळणी नव्याने होत असल्याने लोगो दिसण्याआधीच बराच वेळ जातो. हा आकडा विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील स्टार्टअप विभागात ‘लास्ट बायोस टाइम’ (बायोस म्हणजे हेच फर्मवेअर) या नावाने वेगळा दिसतो. तोच मोठा असेल, तर विंडोजमध्ये कितीही फेरबदल केले तरी तो तसूभरही कमी होणार नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम उभी राहण्याच्या टप्प्यात खरा फरक पडतो तो डिस्कमुळे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते; हेड सरकण्याचा वेळ त्याहून निराळा. त्यामुळे विखुरलेल्या लहान लहान फाइली ती सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा वाचू शकते, आणि सुरू होताना नेमक्या अशाच फाइली हजारोंनी लागतात. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसल्याने ही वाट पाहणेच संपते. मात्र जुन्या साटा जोडणीची एसएसडी काढून अधिक वेगवान एनव्हीएमई जोडणीची बसवली, तर जाहिरातीतील वेगाच्या मानाने रीस्टार्टमध्ये पडणारा फरक किरकोळ असतो, कारण तोवर अडथळा डिस्कपासून प्रोसेसर व फर्मवेअरकडे सरकलेला असतो.

मोजण्यासाठी हातात घड्याळ धरण्याचीही फारशी गरज नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स या नोंदवहीत क्रमांक १०० ची नोंद सुरू होण्याची, तर २०० ची बंद होण्याची असते व वेळ मिलिसेकंदांत दिलेला असतो. डेस्कटॉप दिसेपर्यंतचा वेळ आणि त्यानंतर यंत्र स्थिरावेपर्यंतचा वेळ तिथे वेगवेगळा मिळतो. लिनक्समध्ये ‘सिस्टमडी-ॲनलाइझ’ ही आज्ञा फर्मवेअर, लोडर (कर्नल मेमरीत चढवणारा प्रोग्रॅम), कर्नल आणि पुढील सेवा यांची फोड देते. कोणत्या सेवेला किती वेळ लागला हे दाखवणाऱ्या तिच्या ‘ब्लेम’ यादीतील सर्वांत वरच्या सेवेवर लगेच कुऱ्हाड चालवू नये. सेवा एकाच वेळी चालत असल्याने त्या यादीतील आकड्यांची बेरीज करता येत नाही आणि कोण कोणासाठी खोळंबले ते ‘क्रिटिकल-चेन’मधूनच कळते. मोजमाप अनेकदा करून मधला आकडा घ्यावा आणि अपडेटनंतरचा पहिला रीस्टार्ट त्यातून वगळावा.

खात्रीचे उपाय म्हणून फिरणाऱ्या काही गोष्टींबद्दल स्पष्टच लिहितो. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग साधनामध्ये प्रोसेसरची संख्या निवडल्याने यंत्र लवकर सुरू होत नाही. ती मर्यादा घालण्याची सोय आहे, एरवी विंडोज सगळेच कोअर वापरते. विंडोजचे प्रीफेच फोल्डर रिकामे करणे तर उलट अंगावर येते, कारण लागणाऱ्या फाइली आधीच वाचून ठेवण्यासाठीची माहिती त्यातच असते आणि ती पुन्हा जमेपर्यंत यंत्र अधिकच रेंगाळते. वेग वाढवून देतो म्हणणारे बरेचसे ‘क्लीनर’ स्वतःच स्टार्टअपच्या यादीत ठाण मांडून बसलेले आढळतात. ती यादी उघडून गरज नसलेले प्रोग्रॅम बंद करणे हे काम आपले आपल्याला, फुकटात जमण्यासारखे आहे.

आपल्या दैनिकात यापुढे संगणकाचे परीक्षण छापताना रीस्टार्टचा वेळ क्लिक केल्यापासून मोजावा आणि बंद होणे, डेस्कटॉप दिसणे व ब्राउझर उघडून पान वाचता येणे असे तीन आकडे स्वतंत्रपणे द्यावेत, अशी विनंती आहे. शट डाउननंतरचा आकडाही द्यायचा असल्यास त्यासोबत फास्ट स्टार्टअप चालू होते की बंद, याचा उल्लेख अवश्य असावा.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक