हेलिकोनियाला फ्रीज नको

मा. संपादक,
स. न.

रावेरजवळ आमच्या केळीच्या बागेला लागून मी हेलिकोनिया या शोभेच्या फुलझाडाच्या दोन ओळी लावल्या आहेत. गेल्या गणपतीत सजावटीसाठी दिलेल्या दांड्या एका घरी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्या गेल्या. सकाळी काळ्या पडलेल्या! फार वाईट वाटलं. गुलाबाला गारवा मानवतो, पण हेलिकोनिया उष्ण प्रदेशातली. दहा अंशांखाली ती काळवंडते. केळी आपण फ्रीजमध्ये ठेवतो का? ही तिचीच भाऊबंद.

कापणी उजाडताच करावी, आणि दांडी लगेच बादलीत. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा मी सातच्या आत विळा ठेवून देते. कापल्यावर हे फूल पुढे फारसं उमलत नाही, म्हणून दोन-तीन पाकळ्या (खरं तर ती रंगीत पानंच) उघडू द्याव्यात. विळा बुडाशीच लावावा. केळीसारखंच फुललेलं खोड पुन्हा फुलत नाही, बाजूची पिलं वाढतात. घरी दर दोन दिवसांनी पाणी बदलून टोक इंचभर छाटावं.

फूलविक्रेत्यांनी हे गिऱ्हाइकाला एवढं सांगावं, ही कळकळीची विनंती.

एक फूलबागायतदार, ता. रावेर, जि. जळगाव